पोर्ट्रेट काढताना: पहिल्या फोनपासून वहीतल्या नोंदीपर्यंत

पोर्ट्रेटसाठी आलेला माणूस दारातून आत येतो तेव्हा त्याचा चेहरा त्याचा स्वतःचा असतो. मग तो खुर्चीत बसतो, समोर कॅमेरा दिसतो आणि दोन मिनिटांत तो चेहरा कुठेतरी निघून जातो. ओठ आवळले जातात, मान ताठ होते, डोळे उगाच मोठे होतात. त्यापुढचं माझं सगळं काम म्हणजे मूळ चेहरा परत येईपर्यंत त्या माणसासोबत थांबणं. थांबायचं तर माझं डोकं मोकळं हवं. दिवा कुठे ठेवू, अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं भोक) किती घेऊ, मागची भिंत फार उजळ दिसतेय का, हे प्रश्न माणूस समोर असताना सोडवत बसले तर त्याच्याकडे बघणार कोण?

म्हणून मी ज्या क्रमाने काम करते त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. यातला बराचसा भाग कॅमेरा हातात घेण्याआधीचा आहे.

आधी बोलून घ्या

फोटो कशासाठी हवा आहे, हा पहिला प्रश्न. पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापायचा फोटो, कंपनीच्या ओळखपत्राचा फोटो आणि आईच्या पंचाहत्तरीला भिंतीवर लावायचा फोटो ही तीन वेगळी कामं आहेत. पहिल्यात बाजूला मजकुरासाठी जागा सोडावी लागते, दुसऱ्यात चेहरा अंगठ्याएवढ्या आकारातही ओळखू यायला हवा, तिसऱ्यात घरच्यांना ती बाई ‘आपली’ वाटायला हवी.

दुसरा प्रश्न मी आवर्जून विचारते: तुमचा आजवरचा कुठला फोटो तुम्हाला आवडला, आणि कुठला अजिबात बघवत नाही? जमलं तर दोन्ही मागवून घ्या. ‘मी फोटोत चांगली येत नाही’ या वाक्यामागे बहुतेक वेळा एखादी नेमकी गोष्ट असते. कुणाला हनुवटीखालची घडी खटकते, कुणाला चष्म्यातली चमक, कुणाला दात. ती गोष्ट आधी कळली तर तिची तयारी करता येते. खुर्चीत बसल्यावर कळली तर दोघंही अवघडतात.

हा प्रश्न विचारायला मी एका चुकीतून शिकले. एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. चेहऱ्याच्या अर्धांगवायूमुळे त्यांचा डावा गाल आणि ओठाचा कोपरा खाली ओढला गेला होता. मी काही न विचारता, आपण समजूतदारपणा दाखवतो आहोत अशा भावनेने दिवा उजवीकडे सरकवला आणि डावी बाजू अंधारात घालवली. स्क्रीनवर फोटो बघून त्यांनी शांतपणे विचारलं, ही बाजू का दिसत नाही? त्यांना तो फोटो पूर्ण चेहऱ्याचा हवा होता. त्या चेहऱ्यासोबत त्या अकरा वर्षं जगत होत्या, लाज वाटत होती ती मला. आम्ही दिवा समोर आणून पुन्हा सगळे फोटो काढले. तेव्हापासून कुणाच्या चेहऱ्यावरचं काय झाकायचं हे मी ठरवत नाही, विचारते.

कपड्यांबद्दल थोडक्यात सांगा: साधा, एकरंगी, अंगावर नीट बसणारा कपडा, आणि एक जास्तीचा. बारीक रेघांचं कापड टाळायला सांगा, कारण डिजिटल सेन्सरवर त्या रेघांमध्ये लहरींसारखं विचित्र नक्षीकाम उमटतं आणि ते नंतर काढणं फार किचकट असतं. रोज चष्मा लावत असतील तर फोटोतही लावू द्या.

पैसे, किती फोटो मिळणार, कधी मिळणार, तुम्ही ते तुमच्या कामाचा नमुना म्हणून दाखवू शकता का, हे सगळं लिहून एकमेकांना पाठवा. लहान मुलांचे फोटो असतील तर पालकांची लेखी परवानगी हवीच.

खोली आदल्या दिवशी लावा

कॅनडातले फोटोग्राफर युसूफ कार्श यांनी काढलेलं विन्स्टन चर्चिल यांचं पोर्ट्रेट बहुतेकांनी पाहिलेलं असतं. ३० डिसेंबर १९४१, ओटावा, कॅनडाच्या संसदेतलं भाषण नुकतंच संपलेलं. कार्श यांना मिळालेला वेळ अगदी तुटपुंजा होता. त्यांनी पुढे होऊन चर्चिल यांच्या तोंडातला सिगार काढून घेतला, आणि ती संतापलेली मुद्रा फिल्मवर आली. ही गोष्ट सांगताना सगळे सिगारपाशी थांबतात. मला त्यातला दुसराच तपशील मोलाचा वाटतो: कार्श यांनी आपले दिवे आणि कॅमेरा आदल्या संध्याकाळीच तिथे लावून ठेवले होते. त्या क्षणी त्यांना फक्त माणसाकडे बघायचं होतं. लगेच नंतर चर्चिल हसले, दुसरा फोटो काढू दिला, आणि तोही उत्तम आहे. तयारी झालेली असली की एकाच भेटीत रागही मिळतो आणि हसूही.

तर खुर्ची, दिवा, पार्श्वभूमी, ट्रायपॉड हे सगळं माणूस येण्याआधी जागेवर हवं. खुर्चीवर मैत्रिणीला बसवा, कुणी नसेल तर टाइमर लावून स्वतः बसा, आणि चाचणीचे फोटो काढून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती प्रकाश घ्यायचा ते, पक्कं करा. खुर्ची हात नसलेली, साधी, थोडी टणक असावी. मऊ सोफ्यात माणूस रुतून बसतो आणि खांदे वर चढतात.

लेन्सबद्दल लोक फार चर्चा करतात, खरी महत्त्वाची असते ती अंतराची. नाकाचं टोक कानांपेक्षा १० ते १२ सेंमी पुढे असतं. अर्ध्या मीटरवरून फोटो काढला तर एवढ्या फरकामुळे नाक कानांच्या मानाने जवळजवळ पाचव्या हिश्शाने मोठं उमटतं. दोन मीटरवरून हाच फरक नगण्य होतो. म्हणून दीड ते दोन मीटर मागे उभ्या राहा, आणि त्या अंतरावरून डोकं-खांदे फ्रेममध्ये बसतील अशी लेन्स निवडा. मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ती ८५ मिमीच्या आसपास येते, लहान एपीएस-सी सेन्सरवर ५० मिमी चालते. फोनवर काढत असाल तर मागे सरका आणि दोन किंवा तीन पटीची लेन्स वापरा.

अॅपर्चर फार उघडं ठेवायचा मोह सुरुवातीला सगळ्यांनाच होतो. हिशेब करून बघा: ८५ मिमी लेन्स, दीड मीटर अंतर, एफ १.४ (एफचा आकडा जितका लहान तितकं अॅपर्चर उघडं), तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम अडीच सेंमीचा असतो. माणसाने श्वास घेतला तरी डोळा त्यातून बाहेर जातो. एफ ४ ला तो सात सेंमीच्या वर जातो, दोन्ही डोळे आणि नाक आत येतं. मी बहुतेक वेळा एफ ४ ते ५.६ वर असते, आणि फोकस कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर.

प्रकाश

इथे वेळ घालवा. इतर सगळ्या गोष्टींत तडजोड चालते.

प्रकाश मऊ की कडक, हे दिव्याच्या ताकदीवर अवलंबून नसतं. चेहऱ्यावरून पाहिलं तर प्रकाशाचा स्रोत किती मोठा दिसतो, त्यावर ते ठरतं. सूर्य प्रचंड आहे, पण इतका लांब आहे की आकाशात तो लहानसा दिसतो, म्हणून त्याची सावली धारदार. तेच ढगाळ आकाश चहूबाजूंनी प्रकाश देतं आणि सावलीच्या कडा विरघळतात. यावरून साधा नियम निघतो: प्रकाश मऊ हवा असेल तर दिवा जवळ आणा. ६० सेंमीचा सॉफ्टबॉक्स (पुढे पांढरं कापड लावलेली दिव्याची पेटी) चेहऱ्यापासून एक मीटरवर असतो तेव्हा जितका मऊ वाटतो तितका दोन मीटरवर वाटत नाही.

दिवा जवळ आणल्याने आणखी एक गोष्ट होते. अंतर दुप्पट केलं की प्रकाश चौपटीने घटतो. समजा चेहरा दिव्यापासून एक मीटरवर आहे आणि भिंत चेहऱ्यामागे आणखी दोन मीटरवर. भिंतीवर पोचणारा प्रकाश चेहऱ्यावरच्या प्रकाशाचा नववा हिस्सा, म्हणजे तीन स्टॉपहून थोडा जास्त अंधार (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). पांढरी भिंतही गडद करडी दिसते. आता दिवा तीन मीटरवर न्या: भिंतीवर एक तृतीयांशाहून जास्त प्रकाश पोचतो, फरक दीड स्टॉपचाच उरतो. वेगळी पार्श्वभूमी विकत न घेता, एकाच भिंतीतून पाच रंगछटा निघतात. हे वाचून सोडून देऊ नका. एक संध्याकाळ काढा, एका मडक्यासमोर किंवा फुलदाणीसमोर दिवा मागेपुढे करत फोटो काढा. हा सराव मी अजून करते.

दिव्याची जागा: चेहऱ्याच्या साधारण ४५ अंश बाजूला, आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर. सावलीतल्या गालावर डोळ्याखाली प्रकाशाचा लहान त्रिकोण दिसेपर्यंत सरकवत राहा. चित्रकार रेम्ब्रांटच्या पोर्ट्रेट्समध्ये असा त्रिकोण पुष्कळ वेळा दिसतो, म्हणून या मांडणीला त्याचं नाव पडलं. दिवा समोर आणि वर नेलात तर नाकाखाली फुलपाखरासारखी लहान सावली पडते, गालांची हाडं उठून दिसतात. कुठलीही मांडणी असो, डोळ्यांत दिव्याचा उजळ ठिपका उमटलाच पाहिजे. तो नसला की डोळा विझल्यासारखा दिसतो. ठिपका हरवला असेल तर दिवा थोडा खाली आणा.

दिवे नसतील तर खिडकी घ्या. थेट ऊन येत नसलेल्या खिडकीपाशी माणसाला खिडकीकडे कुशी करून बसवा आणि दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरा. सावली फार फिकी वाटली तर पुठ्ठ्याच्या जागी काळं कापड टांगा; गालाला आकार येतो. खोलीतले पिवळे बल्ब मात्र बंद करा. प्रकाशाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळा: दिवसाचा प्रकाश साधारण ५५०० केल्व्हिन, बल्ब ३००० च्या खालीवर. दोन्ही एकत्र आले की अर्धा चेहरा निळा, अर्धा नारिंगी, आणि ते एडिटिंगमध्ये धड सुटत नाही. चष्म्यात चमक येत असेल तर दिवा आणखी वर आणि बाजूला घ्या, किंवा चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित उचला म्हणजे काचा खाली झुकतात.

त्वचेच्या रंगाबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण इथे बऱ्याच माणसांवर अन्याय झाला आहे. कित्येक दशकं कलर प्रिंटचे रंग गोऱ्या स्त्रीच्या नमुना फोटोवरून जुळवले जात होते, आणि काळ्या-सावळ्या चेहऱ्यांचा तपशील त्यात हरवत होता. आजही कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर प्रत्येक गोष्ट मध्यम करडी मानतं. फक्त चेहऱ्यावर मोजलंत तर सावळा चेहरा फिकट होतो आणि गोरा मळकट. म्हणून १८ टक्के परावर्तनाचं करडं कार्ड चेहऱ्यापाशी धरून एक्स्पोजर ठरवा आणि मग मॅन्युअलवरच राहा, म्हणजे कॅमेरा ते स्वतःहून बदलणार नाही. गडद त्वचेचा आकार सावलीपेक्षा तिच्यावरच्या झळाळीतून कळतो, तेव्हा दिवा मोठा घ्या आणि थोडा बाजूने. कपाळावर आणि गालाच्या हाडावर जी रुंद, मऊ चमक येते ती पुसू नका. नंतर त्वचा उजळ करून देणं मी पूर्ण नाकारते. कुणी मागितलं तर समजावते, आणि तरीही हट्ट असेल तर काम सोडते.

माणूस येतो

पहिली दहा मिनिटं कॅमेऱ्याला हात लावू नका. बसा, पाणी द्या, आज काय काय होणार ते सांगा: किती वेळ लागेल, आवाज कसला येईल, फ्लॅश उडेल का, मध्ये थांबून फोटो बघता येतील. माणूस घाबरतो तो अज्ञाताला. या गप्पांत तुम्हीही बघत असता: ही व्यक्ती बोलताना मान कुठे कलते, हात कुठे जातात, ऐकताना चेहरा कसा होतो. माझ्या अनुभवात ऐकतानाचा चेहरा बोलतानाच्या चेहऱ्यापेक्षा जास्त खरा असतो.

मग बसण्याची पद्धत. दोन्ही पावलं जमिनीवर, बसकण खुर्चीच्या पुढच्या अर्ध्यात, खांदे कॅमेऱ्यापासून थोडे वळलेले, चेहरा कॅमेऱ्याकडे. हनुवटी आधी पुढे आणि मग किंचित खाली. हे बसणाऱ्याला विचित्र वाटतं, फोटोत जबड्याची रेघ स्वच्छ येते. सूचना शब्दांत देण्यापेक्षा स्वतः करून दाखवा. आणि अंगाला हात लावायचा झाला, अगदी केसांची बट बाजूला करायची असली तरी, आधी विचारा. हातांना काम द्या. शिंप्याला कात्री, वादकाला त्याचं वाद्य, कुणाला नुसती शालीची कड. मोकळे हात चेहऱ्याला कडक करतात.

‘हसा’ म्हणू नका. फ्रेंच डॉक्टर दुशेन यांनी १८६२ साली दाखवून दिलं होतं की मनापासूनच्या हसण्यात तोंडासोबत डोळ्यांभोवतीचा स्नायूही आखडतो, आणि तो हुकमावर सहसा हलत नाही. सांगून मिळतं ते नुसत्या ओठांचं हसू. त्यापेक्षा प्रश्न विचारा, आणि साधा नको, ज्याचं उत्तर द्यायला थांबावं लागेल असा. तुमचं काम तुम्हाला कुणी शिकवलं? हातातलं कौशल्य पहिल्यांदा आपलं झालं असं कधी वाटलं? उत्तर शोधताना माणूस आत बघतो, आणि तिथे बऱ्याचदा तो दारातला चेहरा परत येतो.

माझी एक सवय तुम्हीही करून बघा: कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, फ्रेम आणि फोकस ठरवा, रिमोट हातात घ्या आणि कॅमेऱ्याच्या बाजूला उभ्या राहा. आता माणूस यंत्राशी बोलत नाही, तुमच्याशी बोलतो. तो पुढेमागे झुकला तर फोकस पुन्हा घ्यावा लागतो, म्हणून अशा वेळी एफ ५.६ किंवा ८ वर राहा. जुने फोटोग्राफर असंच काम करत. १८३९ मध्ये फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियसने स्वतःचा फोटो काढला तेव्हा कित्येक मिनिटं स्थिर राहावं लागत होतं. नंतरच्या स्टुडिओंत डोकं हलू नये म्हणून खुर्चीमागे लोखंडी आधार लावत. त्या संथपणाने काही चेहऱ्यांना एक खोली दिली, कारण इतका वेळ मुखवटा धरून ठेवणं कुणालाच जमत नाही. आपल्याला आज सेकंदाच्या दोनशेव्या भागात फोटो मिळतो. म्हणून तो संथपणा आपणच आणावा लागतो. शांतता पडू द्या, वीस-तीस सेकंद काहीच बोलू नका. त्या वेळात तीन-चार फोटो पुरतात.

‘झालं’ असं खोटंच सांगून माणूस सैल पडला की फोटो काढण्याची युक्ती पुष्कळ जण शिकवतात. मी ती वापरत नाही. ज्याने विश्वासाने चेहरा समोर ठेवला त्याला फसवून घेतलेला फोटो मला देववत नाही. खरी विश्रांती घ्या, कॅमेरा चालू आहे हे सांगून घ्या. सैलपणा तसाही येतो.

मध्ये एकदा दोन-तीन फोटो दाखवा. बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली तर खचू नका. आपण स्वतःला रोज आरशात उलटं बघतो, फोटोत सुलटं दिसतो, आणि भांग चुकीच्या बाजूला गेल्यासारखं काहीतरी खटकतं. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांनी स्वतःचा आरशासारखा उलटवलेला फोटो पसंत केला होता, तर त्यांच्या मित्रमैत्रिणींनी सुलटा. हे नुसतं सांगितलं तरी माणसं निवळतात.

निवड आणि हात फिरवणं

त्याच दिवशी निवड करू नका. मनात गप्पा ताज्या असतात आणि फोटोपेक्षा त्या आठवणीलाच आपण गुण देतो. दुसऱ्या दिवशी आधी सगळे फोटो लहान आकारात बघा. लहान चित्रात जो चेहरा थांबवतो तो सहसा मोठ्यातही टिकतो. मग डोळ्यांचा फोकस तपासा. दीडशे फोटोंतून बारा-पंधरा ठेवा आणि त्यातून निवड समोरच्याला करू द्या. तुमचा आवडता फोटो त्यांनी निवडला नाही तर तो एक जास्तीचा म्हणून सोबत द्या, आग्रह करू नका.

रिटचिंगमध्ये मी एकच कसोटी लावते: पंधरा दिवसांनी जे जाणार आहे ते काढायचं, जे राहणार आहे ते ठेवायचं. पुळी जाते, तीळ, व्रण, कपाळावरच्या आठ्या राहतात. डोळ्यांखालचं काळेपण कमी करते, पुसत नाही. कामाचा क्रम असा: आधी व्हाइट बॅलन्स (रंगांचा पिवळा-निळा तोल), मग एक्स्पोजर, मग कॉन्ट्रास्ट, आणि सगळ्यात शेवटी त्वचा. त्वचेवर काम करताना दर दहा मिनिटांनी मूळ फोटो शेजारी ठेवून बघा, नाहीतर डोळा सरावतो आणि हात वाहवत जातो.

फोटो देताना स्क्रीनसाठी एसआरजीबी (स्क्रीनवरची नेहमीची रंगपद्धत) जेपेग पुरतं. ८ × १० इंचाच्या चांगल्या प्रिंटसाठी २४०० × ३००० पिक्सेल हवेत. मूळ रॉ फाइल्सच्या (सेन्सरवरून जशाच्या तशा साठवलेल्या) तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आणि प्रत्येक कामातला किमान एक फोटो कागदावर छापून द्या. कित्येक घरांत माणूस गेल्यावर शोधाशोध होते ती अशाच एखाद्या फोटोची, आणि त्या वेळी फोनचा पासवर्ड कुणाला ठाऊक नसतो.

वही

हे काम पोट भरण्यासाठी करताना एका ठिकाणी आपण अडकतो: जो दिवा गेल्या वेळी जमला तोच पुन्हा. जर्मनीत फोटोग्राफर ऑगस्ट सँडर यांनी शेतकरी, गवंडी, आचारी, बेरोजगार अशा सर्व थरांतल्या माणसांची पोर्ट्रेट्स अनेक दशकं काढली. १९३६ मध्ये नाझींनी त्यांच्या पुस्तकाचे छपाईचे ठसे नष्ट केले, तरी ते काढतच राहिले. त्यांच्या फोटोंत माणूस पाय रोवून उभा असतो आणि थेट आपल्याकडे बघतो. अडकल्यासारखं वाटलं की मी ते फोटो बघते, आणि महिन्यातून एक पोर्ट्रेट पैसे न घेता, फक्त स्वतःसाठी काढते. तेव्हा एकच दिवा, एकच लेन्स, एकच तास.

प्रत्येक भेटीनंतर वहीत तीन गोष्टी लिहा. दिवा कुठे होता, हे लहान आकृती काढून. कशावर बोललो. आणि चेहरा कितव्या फोटोला परत आला. ही तिसरी नोंद लिहायला कॅमेऱ्यातले क्रमांक बघावे लागतात, दहा मिनिटं जातात. त्या बाईंच्या पानावर मी दोन आकृत्या काढल्या आहेत, चुकीच्या दिव्याची आणि बरोबर दिव्याची. त्या पुढच्या वर्षी पुन्हा आल्या तेव्हा ते पान उघडून ठेवलं होतं, आणि दिवा आधीच समोर होता.